प्रत्येक धड्यात एक चूक

आमच्या घरमालकांच्या फ्रिजमधल्या उरलेल्या आमटीवरसुद्धा चिठ्ठी असायची. 'तुरीची आमटी. तयार : बुधवार सकाळ. बाद : गुरुवार दुपार.' खाली सही. घरात हे एकटे. स्वयंपाकाला येणाऱ्या सगुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. म्हणजे ती सही स्वतःसाठीच केलेली असायची, आणि गुरुवारी दुपारी आमटी ओतून देताना चिठ्ठीवर काट मारून ते पुन्हा सही करायचे. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, खोकल्याच्या औषधावर चिठ्ठी, माझ्या खोलीच्या किल्लीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. बैठकीतल्या एका खुर्चीवर 'वापरू नये. दुरुस्ती बाकी' असं लिहिलेलं होतं. खोली बघायला गेले तेव्हा मी नेमकी तिच्यावरच बसले. "वाचता येतं ना?" हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

दुसरं वाक्य होतं, "फेनॉल्फ्थॅलीन आम्लात कुठला रंग देतं?"

"कुठलाच नाही," मी म्हणाले.

"ये राहायला."

मी सांगोल्याची. खालापूरकडच्या एका औषधाच्या कारखान्यात, माल तपासणाऱ्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. सकाळी आठला 'चार फाटा' नावाच्या चौकातून कंपनीची बस मिळायची, म्हणून कर्जतला, भिसेगावात, मी या घराची वरची खोली घेतली. त्यांना मी काका म्हणायचे. काका खालापूर तालुक्यातल्या एका खेड्याचे, भातशेती करणाऱ्या घरातले; घरात पहिले बीएस्सी झालेले. खोपोलीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी जन्म काढला आणि शेवटी तिचे मुख्य झाले. काकू मी येण्याच्या आधी काही वर्षं गेल्या होत्या. मुलगी बडोद्याला. ती रविवारी फोन करायची आणि काका तिला सव्वाचार मिनिटांत मोकळं करायचे.

निवृत्तीनंतर माणसं देवळाच्या विश्वस्त मंडळात शिरतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर शेजाऱ्यांशी पाण्याच्या टाकीवरून भांडतात. काका शिकायला बसले. इंटरनेटवर जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांचे रसायनशास्त्राचे तास फुकट बघता येतात हे त्यांना कोणीतरी सांगितलं, आणि हा माणूस वहीपेन घेऊन पहिल्या तासापासून बसला. आवर्त सारणीतल्या चौकटीवर बोट ठेवलं की त्या मूलद्रव्याची फिल्म लागते अशी एक साइट होती, ती त्यांनी हायड्रोजनपासून ओळीने बघितली. प्रथिनाचा रेणू पडद्यावर गरगर फिरवून बघता येतो ती साइट सापडली तेव्हा तर त्यांनी मला बसच्या वेळेला जिन्यात अडवलं. जीवरसायन त्यांच्या वेळी त्यांना नव्हतं. "एकेका पेशीत एवढा कारखाना चालतो," ते म्हणाले, "आणि मी आयुष्यभर बॉयलरचं पाणी तपासत बसलो." माझी बस चुकली, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

फुकट मिळतं म्हणून काहीही घ्यायचं हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी एक यादी केली होती, 'फुकट आणि खरं' नावाची. कर्जतच्या झेरॉक्सवाल्या चाचांच्या दुकानात ती भिंतीला चिकटवलेली असायची, कॉलेजच्या मुलांना दिसेल अशी. दर महिन्याला काका नवीन यादी घेऊन जायचे. यादीत यायचं तर साइटला एक परीक्षा द्यावी लागे, आणि ती सगळ्यांना एकच. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू आहे. त्याबद्दल बरीच पुस्तकंसुद्धा लिहून मोकळी होतात की, त्याचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. काकांच्या डोक्यात तिडीक जायची. "बंध तोडायला ऊर्जा *लागते*. नवे बंध जुळतात तेव्हा ती सुटते. जुळताना जास्त सुटते, म्हणून हिशेब फायद्याचा. तुटण्यातून कधी कोणाला काही मिळालंय?"

मी एकदा यातून आयुष्याबद्दल काहीतरी सुंदर बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "रसायनशास्त्रातून संसार शिकवू नकोस. तो वेगळा विषय आहे आणि त्यात मी नापास आहे."

तर ज्या साइटवर 'बंध तुटला की ऊर्जा सुटते' असं सापडलं, ती बाद. मग ती कितीही नामांकित असो. बाद करून ते थांबायचे नाहीत, त्या प्राध्यापकाला इंग्रजीत पत्र धाडायचे. एकाचं उत्तर आलं होतं, एका ओळीचं : आभारी आहे, चूक दुरुस्त केली. काकांनी ती ओळ छापून, लॅमिनेट करून, काकूंच्या फोटोच्या शेजारी लावली होती.

याच्या जोडीला ते स्वतःही शिकवायचे. मराठीत, फुकट. रोज सकाळी सातच्या आत एक धडा शिक्षणाच्या एका साइटवर चढलेला असायचा. फळा म्हणजे स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा. फोन वरच्या फळीला उलटा बांधलेला, त्यामुळे दिसायचे फक्त दोन हात आणि खडू. तरी काका पांढरा कोट इस्त्री करून, वरपर्यंत गुंड्या लावून उभे राहायचे. सगुणाबाई दारात पिठाची परात घेऊन ताटकळायच्या. "भाकरी कुटं थापू गं ताय? याच्यावर तं शाळा भरलीय!" मी हसले की त्या आवाज खाली आणायच्या. "मानूस वायीट नाय गं. पन त्याला समोर कोनतरी पायजे. नायतर भिताडाशी बोलल."

आता धड्यातल्या चुकीची गोष्ट. आमच्या धंद्यात ब्लाइंड सॅम्पल नावाचा एक प्रकार असतो. रोजच्या नमुन्यांत साहेब गुपचूप एक असा नमुना सरकवून देतो, ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत असतं. तपासणारा जागा आहे की झोपेत आकडे भरतोय ते त्यातून कळतं. खोपोलीच्या लॅबमध्ये काका हे इतक्या वेळा करायचे की निरोप समारंभाला अर्धी लॅब आली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाले, "जे आले नाहीत ते सगळे झोपणारे." धड्यांतही त्यांनी तेच सुरू केलं. प्रत्येक धड्यात एक चूक मुद्दाम. एका लांब वहीत ती आधी लिहून ठेवायची, मग धडा द्यायचा. धड्याच्या शेवटी सांगायचं, चूक सापडली तर खाली लिहा. दुसऱ्या दिवशीचा धडा कालची चूक सांगून सुरू व्हायचा. दोन वर्षं हे रोज चाललं होतं. एकाही धड्याखाली एक अक्षर कोणी लिहिलं नव्हतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी धडे ऐकत नव्हते. मी ते फक्त लावायचे. झालं असं की, राहायला गेल्यावर महिन्याभराने सहज त्यांची साइट उघडली, तर बघणारे : शून्य. सगळीकडे शून्य. दुसऱ्या दिवसापासून सव्वासातला डबा भरताना मी फोन माझ्या खोलीतल्या छोट्या ओट्यावर उभा करायचा, धडा लावायचा, आवाज बंद करायचा आणि भाजी परतायची. साइटवर नाव द्यावं लागत नव्हतं. धडा संपला की तिथे एकचा आकडा पडायचा, आणि मला एखादं व्रत पाळल्यासारखं हलकं वाटायचं. खाली जाऊन दहा मिनिटं त्यांच्यासमोर बसण्यापेक्षा हे फार सोपं होतं.

"एक विद्यार्थी आहे," काका मला सांगायचे. "रोज सव्वासातला येतो. नियमाचा पक्का. फक्त सणासुदीला दांडी मारतो."

"हो का?" मी म्हणायची.

"कुठला असेल, तुला काय वाटतं? नांदेडचा?"

"असेल की."

ते मान हलवायचे आणि संगणकाकडे वळायचे. संध्याकाळी ते तिथे कसल्याशा रेघा बघत बसलेले असायचे. मला वाटायचं, शेअर बाजार.

एकदा त्यांनी चाचांच्या दुकानात यादीखाली आणखी एक कागद लावला : 'रविवारी सकाळी दहाला रसायनशास्त्राचे शंकानिरसन. फुकट.' शेजारच्या मंडपवाल्याकडून सहा खुर्च्या आणल्या, त्यांना एक ते सहा आकडे चिकटवले, अंगणात मांडल्या, आणि कोट घालून उभे राहिले. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मला खुर्च्या दिसत होत्या आणि त्यांचं टक्कलही दिसत होतं. साडेअकराला चाचा आले. "सर, माझी एक शंका हाय. पावसात मशीनची शाई गोळा का होते, बोला." काकांनी त्यांना एक नंबरच्या खुर्चीवर बसवलं आणि एक तास हवेतली वाफ शिकवली. मी बादली रिकामी झाल्यावरसुद्धा वरच उभी होते. जिना उतरायला किती पायऱ्या होत्या, सांगा. पण रविवार माझा एकुलता एक, आणि उद्या जाऊ की, असं मला वाटलं.

पुढे आमच्या लॅबमध्ये एन्झाइम तपासणीचा नवा विभाग निघाला आणि त्यासाठी मुलाखत ठरली. मला ती जागा हवी होती, आणि मला जीवरसायनातलं ओ की ठो येत नव्हतं. खाली गुरू बसलेला होता. पण दोन वर्षं रोज त्यांचा धडा लावून मला एटीपीबद्दल त्यांच्या त्या एका वाक्यापलीकडे काही माहीत नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून एका रविवारी सकाळी मी गुपचूप त्या आठवड्याचाच धडा काढला, एटीपीचा, आणि पहिल्यांदा आवाज सुरू केला.

काका चांगलं शिकवायचे. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते. चार फाट्यावर गाड्या कशा वळतात त्यावरून त्यांनी पेशी समजावली होती. मी वही काढली. आणि सहाव्या मिनिटाला ते शांतपणे म्हणाले, "हा बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते."

मी थांबवलं, मागे गेले, पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. मग पुढे गेले. शेवटी ते म्हणाले, "नेहमीप्रमाणे एक चूक मुद्दाम ठेवली आहे. सापडली तर लिहा. आता प्रश्न असतील तर." आणि गप्प झाले. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. खडू ठेवलेले दोन्ही हात ओट्यावर तसेच होते. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर सगुणाबाईंच्या बांगड्या वाजल्या. कोणी काही विचारेल म्हणून हा माणूस दहा सेकंद खरोखर थांबला होता. मी आधीचा धडा काढला, त्याच्या आधीचा काढला. प्रत्येकात ती दहा सेकंदं होती. बिनआवाजाची ती मला कधी कळलीच नव्हती.

चूक मला सापडली होती! तीही त्यांच्या आवडीची. मी धड्याखाली लिहिलं : 'सर, सहाव्या मिनिटाला तुम्ही म्हणालात की बंध तुटल्यावर ऊर्जा सुटते. बंध तोडायला ऊर्जा लागते.' नाव दिलं नाही. पाच मिनिटांत जिन्याखालून हाक आली, "अगं, खाली ये जरा."

त्यांना कसं कळलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी गेले. काका कोट न घालता, बनियनवर बसले होते. समोर ती लांब वही उघडी होती. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. एटीपीच्या धड्यासमोर लिहिलं होतं : 'मुद्दाम चूक : अ‍ॅडेनिनला साखर म्हणणे.' त्या पानावर दुसरी कुठलीही चूक लिहिलेली नव्हती.

"मी असं म्हणालो?" त्यांनी विचारलं.

मी फोनवर लावून दिलं. सहावं मिनिट आलं. त्यांनी कान पुढे केला.

"परत."

मी परत लावलं.

"नाय," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून गावचा 'नाय' पहिल्यांदा ऐकला. "हे मी नाय बोललो. मी नाय बोलणार असं." आवाज त्यांचाच होता, हात त्यांचेच होते, अंगठ्याजवळचा जुना भाजल्याचा डागसुद्धा दिसत होता. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि वही मिटली. सगुणाबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी ते चाचांच्या दुकानात गेले. 'फुकट आणि खरं'च्या यादीत सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत, त्यांनी स्वतःचे धडे घातलेले होते. ती ओळ त्यांनी पट्टी ठेवून खोडली आणि समोर लिहिलं, 'बाद.' चाचांनीच मला हे नंतर सांगितलं. "मी बोललो, सर, आपलं आपणच कोण कापतं? तर बोलतात, नियम हाय, सगळ्यांना येकच. नि उभे ऱ्हायले ना, बराच वेळ. मी खुर्ची दिली, बसले नाय."

मग त्यांनी मला विचारलं, "रोज अर्धा तास देशील? सगळे धडे तपासायचेत. माझ्या कानावर माझा आता भरवसा नाही." मी ऑफिसातून आल्यावर खाली जाऊ लागले. वही त्यांच्याजवळ, फोन माझ्याजवळ. जुने धडे स्वच्छ होते. वहीत लिहिलेली एकच चूक प्रत्येकात, दुसरी नाही. अलीकडच्या चार-पाच महिन्यांत मात्र वहीत नसलेल्या चुका निघू लागल्या. आधी महिन्यातून एखादी, पुढे आठवड्याला दोन. एका धड्यात तर तेच वाक्य लागोपाठ तीनदा होतं. मी प्रत्येक चूक सांगायची, ते तारीख घालून सही करायचे. पानं पुढे सरकत होती तसं आम्हा दोघांनाही कळत होतं की आम्ही धडे तपासत नाही आहोत.

मी आवाज लावून ऐकलं असतं तर हे पाच महिने आधी कळलं असतं. शेवटी काकांना दाखवलं ते मेंदूचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा कळूनही फारसा फरक पडला नसता. ते त्यांचं मत आहे.

मुलगी त्यांना न्यायला बडोद्याहून आली. चांगली आहे ती, रडली, सामान बांधलं. काकांनी सगळे धडे साइटवरून काढून टाकले. निघायच्या आदल्या दिवशी, मी न राहवून सांगितलं. म्हटलं, "काका, तो रोज सव्वासातला येणारा विद्यार्थी..."

"तू," ते म्हणाले. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. त्या साइटवर शिकवणाऱ्याला एक सोय होती : बघणारा कुठे थांबला, कुठे मागे गेला, याची रेघ दिसायची. त्याच रेघा, ज्यांना मी शेअर बाजार समजत होते. धडे काढून टाकण्याआधी त्यांनी त्या वेगळ्या साठवून ठेवल्या होत्या. दोन वर्षांच्या रेघा ते एकेक करून दाखवत गेले. सगळ्या सपाट. "शिकणारा माणूस थांबतो, अडतो, मागे जातो. ही रेघ बघ. लॅबच्या यंत्रात नुसतं पाणी सोडलं तरी रेघ इतकी सरळ येत नाही. आणि दिवाळीत तू सांगोल्याला गेलीस तेव्हा चार दिवस शून्य."

मला जमिनीत जावंसं वाटलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू लावायची बंद झाली असतीस."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. फ्रिजमधल्या आमटीबद्दल बोलावं तसं ते बोलले. पुढे मुलाखतीत मला ती जागा मिळाली, आता त्या विभागात मी स्वतः ब्लाइंड सॅम्पल लावते आणि पोरं माझ्यावर चिडतात. काकांना मी दोनदा भेटून आले. पहिल्या वेळी त्यांनी मला फेनॉल्फ्थॅलीनचा रंग विचारला. दुसऱ्या वेळी काही विचारलं नाही, मीच समोर बसून एटीपी समजावला आणि शेवटी दहा सेकंद थांबले.

पण बडोद्याला निघताना त्यांनी मला एक कागद दिला होता, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. एटीपीच्या धड्याची रेघ त्यांनी छापली होती. सहा मिनिटांपर्यंत थोडी वरखाली, मग जिथे मी तीनदा मागे गेले होते तिथे एक उंच टोक. खाली लॅबच्या अहवालासारखी चिठ्ठी डकवली होती :

'नमुना : रविवार सकाळ. तपासणी : विद्यार्थी. निष्कर्ष : आढळला.'

आणि खाली सही.